मुदत संपलेली चावी

जोतीराम पोवार कामचुकार होता असं शाहूपुरीत कुणी म्हणायचं नाही. मंगळवार पेठेतून सायकल मारत यायचा आणि नऊच्या ठोक्याला रक्तपेढीचं शटर वर करायचा. शिबिरात एका वेळी साठ-साठ रक्तदाते आले तरी एकाचं नाव किंवा एकाचा रक्तगट चुकवायचा नाही. काउंटरवर कुणी रडत आलं तर आधी पाणी द्यायचा आणि मग अर्ज. खोड एकच. ज्या कामासाठी आज कुणी मानगूट धरत नाही ते काम आजच करावं, असं त्याला आयुष्यात कधी वाटलं नाही. "करतो की," म्हणायचा आणि तोंडभर हसायचा. घरी बायको, पेढीत डॉक्टर सरनोबत मॅडम, सगळ्या त्या हसण्यापुढं गप्प व्हायच्या. शशिधर आण्णा तेवढे व्हायचे नाहीत.

आण्णा म्हणजे शशिधर बसलिंगाप्पा पट्टणशेट्टी. गडहिंग्लजकडचे लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. पेढीची सगळी नोंद त्यांच्या हाती, आधी वह्यांत आणि मग कॉम्प्युटरवर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. जोतीराम नव्वद साली पेढीत लागला तो थेट त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, आणि पंधरा वर्षं तिथून हलला नाही. त्याचे वडील लवकर गेलेले. आण्णांच्या शिव्या त्याला गोड लागायच्या, पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

आता ही माणसं पुढं अशी का वागली हे समजायचं तर अठ्ठ्याण्णव सालची भडंगाची पुडी सांगावी लागते.

शिबिरात घेतलेलं रक्त तपासलं जायचं. ज्यांच्या रक्तात एचआयव्ही निघायचा त्यांची यादी कॉम्प्युटरवर होती. एकदा ती छापताना प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि अर्धीच यादी उमटली. आण्णांनी तो कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि दुसरा काढला. टोपली रद्दीत गेली, रद्दी दुकानदाराकडे गेली, आणि आठ दिवसांनी करवीर तालुक्यातल्या एका गावात तो कागद भडंग पोटात घेऊन पोचला. भडंग खाणाऱ्याला त्यावर आपल्याच गावचं नाव दिसलं. अमरसिंह, वय चोवीस. गावानं त्याला चावडीपासून नळापर्यंत कुठं उभं केलं नाही. महिन्याच्या आत त्या पोरानं विहिरीत उडी घेतली.

आण्णा त्याच्या रक्षाविसर्जनाला गेले आणि कडेला उभे राहिले. पोराच्या बापानं विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" आण्णांनी हात जोडले आणि एस.टी. धरून परत आले. त्यानंतर चहाची पावतीसुद्धा ते फाडून, भिजवून, तिचा लगदा करून मगच फेकायचे. लोक हसायचे. जोतीराम हसायचा नाही.

दोन हजार तीन साली कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर सीडी आली. तिच्यात फाइलींना कुलूप लावणारा जीपीजी नावाचा प्रोग्राम होता. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. चुकलं तर ओरडायचा, बरोबर असलं तर काहीच बोलायचा नाही. "हे बरं हाय," आण्णा म्हणाले, "माझ्यासारखंच हाय."

पंचेचाळिशी ओलांडलेला हा माणूस डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन महिने त्यावर बसला आणि शिकला. शिकल्यावर जोतीरामला शिकवलं. प्रत्येकाच्या चाव्यांची जोडी असते, एक उघडी आणि एक गुप्त. उघड्या चावीनं फाइलला कुलूप लागतं पण निघत नाही, म्हणून ती कुणालाही द्यावी. निघतं ते गुप्त चावीनंच, आणि त्या चावीलाही वरून परवलीचं वाक्य. वाक्य टाइप करताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही, साधा ठिपकाही नाही. जोतीरामला पहिल्यांदा वाटलं की कीबोर्डच बिघडला. चावी घडवताना मशीन म्हणालं, काहीही दाबत राहा, मला गोंधळ हवा आहे. आण्णा गंभीर तोंडानं दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवत बसले आणि मॅडम दारात उभ्या राहून बघत राहिल्या.

तेव्हापासून दर शनिवारी पेढीची सगळी नोंद कुलपात जायची आणि तिची सीडी निघायची. बाहेर तपासणीला जाणाऱ्या नमुन्यावर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा हे त्या कुलूपबंद फाइलीत. आण्णांचं वाक्य आण्णांच्या डोक्यात. अमरसिंहासारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही, यापलीकडं त्या माणसाला काही नको होतं.

पण एकट्याच्या डोक्यावर पेढी चालवणं बरं नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून दोन हजार चारच्या पाडव्याला जोतीरामचीही चावी घडवली. फाइलीला दोघांच्या नावानं कुलूप लागायचं आणि दोघांपैकी कुणालाही ते उघडता यायचं. आण्णांनी दोन्ही चाव्यांना एक वर्षाची मुदत घातली. "माणूस भांडतो, नोकरी सोडतो, मरतो," ते म्हणाले. "वरसानं चावी आपसूक बाद व्हायला पायजे. जो हाय त्यानं वाढवून घ्यावी." वाढवणं म्हणजे काय, तर तीन शब्द: एडिट-की, एक्स्पायर, सेव्ह. मधे आपलं परवलीचं वाक्य टाकायचं, की पुढच्या वर्षाची सोय झाली. ज्याची चावी त्यानंच ते करायचं, दुसऱ्याला येत नाही.

पाचच्या पाडव्याला आण्णांनी आपली मुदत वाढवली. जोतीरामची संपली.

"जोती, चावी वाढव."

"करतो की आण्णा."

पुढच्या शनिवारी मशीननं जोतीरामची चावी घ्यायला नकार दिला. आण्णांनी कानडीत शिवी हासडली, जोतीरामनं हसून चहा मागवला. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. मग आण्णाही हट्टाला पेटले. "तुझ्यासाठी पेढी थांबायची न्हाय," म्हणाले आणि एकट्याच्या नावानं कुलूप लावायला लागले. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. तीन शब्द टाइप करायला अर्धं मिनिट लागतं, आणि जोतीरामला चार महिन्यांत अर्धं मिनिट मिळालं नाही. मला या माणसाचा राग येतो. त्यालाही स्वतःचा येतो.

जुलैच्या शेवटाला पंचगंगा फुगली आणि जयंती नाल्यानं शाहूपुरीत पाणी घातलं. पेढीचा तळमजला छातीपर्यंत बुडाला. रक्ताच्या पिशव्या आदल्या दिवशीच हलवल्या होत्या. वह्या, कार्डं आणि कॉम्प्युटर मात्र खालीच राहिले. आण्णा राजारामपुरीत भाड्यानं राहत होते. तिथं पाणी नव्हतं, घरी बसले असते तर चाललं असतं. ते गटारीच्या त्या पाण्यातून चालत पेढीत शिरले, कपाटाच्या वरच्या फळीवरची सीड्यांची पिशवी डोक्यावर घेतली आणि बाहेर आले. पायाला कशाची तरी जखम झाली होती. "सीड्या कोरड्या हायत," एवढंच म्हणाले.

दहाव्या दिवशी ताप आला. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. दवाखान्यात उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापाचं नाव सांगितलं. जोतीराम रोज डबा घेऊन जायचा. पहिले तीन दिवस आण्णा शुद्धीवर होते, बोलत होते. परवलीचं वाक्य विचारावं असं जोतीरामच्या मनात एकदा नाही, दहा वेळा आलं. पण खाटेवरच्या माणसाला ते विचारायचं म्हणजे तू आता जाणार असं तोंडावर सांगायचं. त्यानं विचारलं नाही. आण्णांनाही आपण जाऊ असं वाटलं नसावं. चौथ्या दिवसापासून त्यांची ओळख गेली, आणि स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा आण्णांना जाऊन पाच दिवस झाले होते. जोतीरामनं सीड्या एकेक करून घातल्या. पाडव्याआधीच्या सगळ्या त्याच्या चावीनं उघडल्या. मुदत संपली म्हणून जुनं कुलूप अडत नाही, मुदतीची अडचण फक्त नवं कुलूप लावताना. पाडव्यानंतरच्या सतरा सीड्यांपैकी एकही उघडेना. जोतीरामच्या चावीसारखी आण्णांची गुप्त चावीही सीडीवर होती. पडद्यावर तिचं वाक्य मागितलं जायचं आणि जोतीरामकडे ते नव्हतं. त्यानं आण्णांच्या आईचं नाव टाकून बघितलं, गावाचं टाकलं, बसवण्णांचं टाकलं. पडद्यावर काही उमटत नव्हतं, नुसता नकार येत होता.

मॅडमना माडीवरच्या ड्रॉवरमध्ये आण्णांच्या अक्षरातलं एक पाकीट सापडलं. वर लिहिलं होतं, 'चावी'. दोघांनी ते फोडलं. आत छापील दाखला होता. चावी चोरीला गेली तर ती रद्द झाली असं जगाला कळवायचा दाखला. आण्णांनी शहाणपणानं आधीच काढून ठेवला होता.

"यानं फाइल उघडेल?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय मॅडम. यानं चावी मरते फक्त."

"चार महिन्यांचीच नोंद आहे ना? सगळ्यांच्या तपासण्या पुन्हा करू," मॅडम म्हणाल्या. आणि तसं करायला सुरुवातही केली.

पंचवीस ऑगस्टला चिखलीचे बाळासो आपल्या मुलीला घेऊन आले. संयोगिता, वय आठ. तिच्या अंगात रक्तच नीट तयार होत नव्हतं, थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी पिशवी लागायची. पेढीत ती लहानाची मोठी झाली म्हटलं तरी चालेल. येताना जोतीरामसाठी फ्रॉकच्या खिशातून पेरू आणायची आणि तो खाताना बघत बसायची. पुरानं तिची पिशवी दोनदा चुकली होती. त्या दिवशी बाळासोंनी तिला खांद्यावरून आणलं, आणि तिच्या ओठांना रंग नव्हता. पेरूही नव्हता.

"घर गेलं, कार्डबी गेलं," बाळासो म्हणाले. "आण्णांनी मे म्हैन्यात त्या कार्डावर लाल शाईनं कायतरी लिवलं हुतं. पुण्यास्नं कागद आलता म्हणून. मला इंग्रजी कुठलं येतंय."

जोतीरामनं माडीवर पळत जाऊन मॅडमना सांगितलं. मे महिन्यात मॅडम लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी आलेला डॉक्टर आता सौदीत होता. खुद्द जोतीराम त्या आठवड्यात पन्हाळ्याकडच्या शिबिरांना फिरत होता. पुण्याचं पाकीट फोडलं ते आण्णांनी, नोंदलंही त्यांनीच. मॅडमनी पुण्याला फोन लावला. तिकडून विचारलं, "नमुन्याचा नंबर?" नंबर कुलपात होता. नावावरून सांगा म्हटलं तर ते म्हणाले, तुमच्याकडून नावं येतच नाहीत, आणि मे महिन्यातले तुमचे नुसते नंबर ढीगभर आहेत.

मॅडमनी फोन ठेवला आणि जोतीरामला समजावून सांगितलं. सारखं रक्त घेणाऱ्याच्या अंगात कधी कधी परक्या रक्ताशी वैर धरणारं काही तयार होतं. एकदा झालं की पुढं रक्त निवडूनच द्यावं लागतं. त्यात एक जात अशी वाईट, की काही महिन्यांनी तपासणीत दिसतही नाही, आणि चुकीची पिशवी चढली की उसळून येतं. म्हणून जुनी नोंद लागते. "आत्ताची तपासणी स्वच्छ आली आहे," त्या म्हणाल्या. "पण लाल शाई ऐकल्यावर माझा हात धजत नाही. पोरीचं हिमोग्लोबिन पावणेचार आहे, हृदय थकलंय. उद्या सकाळपर्यंत थांबते, त्यापुढं नाही. काही सापडतं का बघ."

जोतीराम राजारामपुरीत गेला. आण्णांच्या पत्नी दानेश्वरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी उठून चहा टाकला. तो नको म्हणाला तरी टाकला. जोतीरामनं कप हातात घेऊन विचारलं, "वहिनी, आण्णांनी कुठं काय लिवून ठेवलंय का? एखादं वाक्य, चिठ्ठी?"

"एकच चिठ्ठी हुती," त्या लगेच म्हणाल्या. "गेल्या दिवाळीत चार दिस सुट्टी झाली आणि ह्यास्नी ते वाक्यच आठवंना. लई घाबरलं. आठवलं तवा कागदावर लिवलं, प्लास्टिकात गुंडाळलं आणि करडगीत ठेवलं. म्हणालं, हिच्यापरास राखणीची जागा दुसरी न्हाय."

करडगी म्हणजे लिंगायतांच्या गळ्यातली चांदीची डबी. तिच्यात इष्टलिंग असतं. आण्णा रोज सकाळी ती उघडून पूजा करायचे आणि पुन्हा गळ्यात घालायचे. जिवंतपणी ती अंगावेगळी होत नाही.

"मग ती करडगी?"

"त्यांच्यासंगं गेली, भावजी." त्यांनी पदराची कड बोटाभोवती गुंडाळली. "समाधीत बसवलं, डाव्या तळहातावर लिंग दिलं. स्वामी म्हणालं, चांदी काढून ठेवा, घरात ऱ्हाऊ दे. तशीच रीत हाय. मीच म्हणलं नगं. पंचवीस वरसं गळ्यात हुती, जाऊ द्या त्यांच्याबरोबर. माझ्या हातानं मांडीवर ठेवली." मग त्यांनी जोतीरामकडे नीट बघितलं. "लई महत्त्वाची हुती व्हय ती चिठ्ठी?"

जोतीरामला समाधी दिसत होती. तोही होता त्या दिवशी तिथं, त्यानंही मूठभर माती टाकली होती. नऊ दिवसांची माती. या बाईला काय सांगायचं? तुमच्या नवऱ्याला उकरून बाहेर काढा? कशासाठी, तर मी चार महिने तीन शब्द टाइप केले नाहीत म्हणून? आणि तपासणी तर स्वच्छ आलीच होती. लाल शाईनं आण्णा बदललेला पत्ताही लिहायचे. असं सगळं त्यानं स्वतःला भराभर समजावलं. माणूस घाबरला की त्याला कारणं फार लवकर सापडतात.

"न्हाय वहिनी," तो म्हणाला. "असंच इचारलं."

पेढीत येऊन त्यानं मॅडमना सांगितलं की काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी चढली. दुपारपर्यंत पोरीच्या ओठांवर रंग आला. तिनं बिस्किटाचा अख्खा पुडा खाल्ला आणि जाताना बापाच्या खांद्यावरून हात हलवला. जोतीरामला इतकं हलकं वाटलं की त्यानं घरी जाताना जिलेबी नेली.

सातव्या दिवशी बाळासो तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात पळाले. लघवी काळीलाल, डोळे पिवळे, अंगात ताप. चढवलेलं रक्त अंगातल्या अंगात फुटत होतं, आणि त्याबरोबर मूत्रपिंडं गेली. मॅडम दोन दिवस तिच्या खाटेशेजारी होत्या. जोतीराम बाहेर जिन्यात बसायचा, आत जायचा नाही. नवव्या दिवशी संयोगिता गेली.

पुढच्या आठवड्यात दानेश्वरी आण्णांच्या कागदांवर सह्या करायला पेढीत आल्या. मॅडम बोलता बोलता म्हणून गेल्या, "ते वाक्य कुठं लिहिलेलं असतं तर एक पोरगी वाचली असती हो." दानेश्वरींनी पेन खाली ठेवलं. त्या उठल्या, जिना उतरल्या आणि काउंटरपाशी जोतीरामसमोर उभ्या राहिल्या. काउंटरवर चार माणसं होती.

"मी तुमास्नी इचारलं हुतं," त्या म्हणाल्या. "महत्त्वाची हुती का म्हणून इचारलं हुतं."

जोतीरामनं हातातला अर्ज काउंटरवर ठेवला.

"तुमास्नी वाटलं, बाई न्हाय म्हणंल. माझ्या वतीनं तुमीच ठरवलंसा. ते त्या घाणेरड्या पाण्यात कशापायी उतरलं? माझ्यासाठी? घरासाठी? त्या सीड्यांसाठी जीव दिला त्यांनी, आणि मी माती धरून बसले असते व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "किती जणांचं हाय त्यात?"

"तिच्यासकट एकोणतीस. सारखं रक्त घेणारी."

"चला मग."

मॅडमच्या पत्रावर पाच शिक्के पडायला चार दिवस गेले. तहसील, महापालिका, पोलीस, सगळीकडे दानेश्वरी स्वतः गेल्या. दीर शिवशरण आधी भांडला, मग गप्पपणे बरोबर चालायला लागला. सकाळी सात वाजता रुद्रभूमीत आण्णांच्या समाधीची माती काढली. स्वामींनी मंत्र म्हटले, आणि त्यांनीच हात घालून डबी वर दिली. जोतीराम दहा हातांवर उभा होता आणि त्यानं बघितलं सगळं. बघायचंच, असं ठरवून आला होता. दानेश्वरींनी डबी पुसून उघडली, प्लास्टिकची घडी त्याच्या हातावर ठेवली, आणि डबी पुन्हा आत देऊन टाकली.

वाक्य काय होतं ते इथं सांगत नाही, ते सांगायचं नसतंच. जोतीरामनं काळ्या पडद्यासमोर बसून ते टाइप केलं. एका अक्षराला बोट अडखळलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. फाइल उघडली. एकोणतीस नावांत तिघांपुढं लाल अक्षरांतली सूचना होती, आणि त्यातल्या एकाला त्याच आठवड्यात रक्त लागणार होतं. मॅडमनी ते उतरवून घेतलं. अकराव्या ओळीवर संयोगिता होती. सतरा मे. वैऱ्याचं नाव, कुठल्या प्रकारचं रक्त चालतं ते, आणि खाली आण्णांनी सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तपासणी स्वच्छ आली तरी विश्वास ठेवू नये.

जोतीरामनं चिठ्ठी भिजवून तिचा लगदा केला. मग आपल्या चावीची मुदत वाढवली. अर्धं मिनिटही लागलं नाही. आणि तो चिखलीला जायला निघाला. मॅडम म्हणाल्या मी येते बरोबर, तो नको म्हणाला.

चिखलीत घरांच्या भिंतींवर अजून पुरुषभर उंचीवर पुराची रेघ होती. बाळासो पडलेल्या भिंतीला विटा लावत होते. हात थांबवून त्यांनी जोतीरामला पोतं अंथरून दिलं. जोतीराम बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, आण्णांच्या पायाच्या जखमेपासून सतरा मेपर्यंत. चावीचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं. ते बाळासोंना किती समजलं कोण जाणे. चिठ्ठीचं समजलं.

"म्हंजे चिठ्ठी कुठं हाय ते तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"रक्त चढवायच्या आदल्या दिसापासनं."

बाळासोंनी हातातली थापी खाली ठेवली. आत कुणीतरी भांडी घासत होतं, तेही थांबलं.

"मग का न्हाय काढलीसा?"

"आण्णांस्नी उकरा म्हणायला," जोतीराम म्हणाला, "माझं तोंड झालं न्हाय."

बाळासोंनी शिवी दिली असती, अंगावर धावून आले असते, तर जोतीराम त्यासाठी तयार होता, वाटेत एस.टी.त त्यानं त्याचीच तयारी केली होती.

"मला सांगायचं हुतं," बाळासो म्हणाले. "तिथंच बाकावर बसलो हुतो की मी, पोरीला मांडीवर घेऊन. मी गेलो असतो त्या बाईकडं. पाय धरलं असतं. माझं तोंड झालं असतं."

मग ते वळले आणि पुढची वीट लावायला लागले. जोतीराम त्या पोत्यावर दुपार कलेपर्यंत बसून होता. त्याला कुणी जा म्हटलं नाही, आणि थांबा असंही कुणी म्हटलं नाही.